बुरशीचा वाटा

उन्हं तापायला लागली की आमच्या गावात तांदूळ भरायचे दिवस येतात. गिरणीवरून आणलेले वर्षाचे तांदूळ अंगणात चादरीवर पसरायचे, दोन्ही तळहातांना एरंडेल चोळायचं, मग तांदळात हात घालून हळूहळू माखत जायचं. वरून बोरिक पावडर भुरभुरायची आणि पुन्हा हात फिरवायचे. एवढं केलं की डब्यात वर्षभर सोंडा शिरत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका हे काम सकाळच्या उन्हात, आपापल्या दारात बसून करतात. त्यामुळे कोणाच्या घरी किती बारीक तांदूळ आहे हे सगळ्यांना बसल्या जागी कळतं, आणि ते कळावं अशीच सगळ्यांची मनातून इच्छा असते.

यंदा मात्र आमच्या अंगणात एक वेगळी गोष्ट घडली. शोभावहिनीने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने, तेलाचा हात लावायच्या आधी पत्र्याचा एक डबा कोऱ्या तांदळाने भरून बाजूला ठेवला. समोरच्या ओट्यावरून डोमाजीकाका बघत होते. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"त्याले पावडर नाई लावली वो सूनबाई?"

"नाई काकाजी. थो बुरशीचा वाटा हाय."

"सोंडे लागतीन ना."

"लागले तं लागले. थेही कसे दिसते, पाहू आपण भिंगातून."

डोमाजीकाका हसले आणि मीही हसले. वर्षभरापूर्वी हीच वहिनी तांदळाचा सांडलेला दाणा पायाखाली आला तरी दोघी-तिघींना ऐकवायची. त्या बाईने बुरशीसाठी डबाभर तांदूळ काढून ठेवावा, याचं मला खूप नवल वाटलं. आणि गेल्या वर्षीचा तो सगळा उन्हाळा, त्याला लागून आलेल्या रोपं टाकायच्या दिवसांसकट, डोळ्यांपुढे उभा राहिला.

उभी हयात मी भंडाऱ्यात एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काढली. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी काचेवर घेऊन बघायचं आणि बघितलेलं लिहून द्यायचं, हे माझं काम. लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर भावाकडे गावी राहायला आले. आंधळगावचा बाजार आम्हाला जवळ. गावाच्या एका अंगाला मालगुजारांच्या वेळचा मोठा तलाव आहे आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. गावी आल्यावर पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की मला गप्प बसता येत नाही. डोळ्यांना सूक्ष्मदर्शकाची सवय, आणि समोर नुसती भिंत. दही लागलं की मी वाटी उजेडात धरून बघायची. भाकरीवर बुरशी आली की वहिनी ती फेकायला निघायची आणि मी तिच्या हातातून ओढून घ्यायची. "ताईचं डोकं फिरून राहिलं," असं ती भावाला सांगायची, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

त्या सुमारास वहिनीला एक घोर लागलेला होता. तिचं माहेर पवनीकडचं. तिथून तिने लग्नानंतर हिरानखी धानाचं बियाणं आणलं होतं. बारीक, लांबट दाणा, आणि शिजताना वास असा की गल्लीत कळतं. माहेरी आता आई नाही आणि भावांनी ते धान केव्हाच सोडलं, कारण उतारा कमी. आमच्या गावातही सगळ्यांनी सरकारी वाण धरलेलं. वहिनी मात्र दरवर्षी एका छोट्या बांधीत हिरानखी लावते. तिच्या आईच्या हातचं म्हणावं असं आता एवढंच उरलंय, हे ती बोलून दाखवत नाही, पण मला ठाऊक आहे. त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिचे पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी टाकलेली रोपं, मुळाशी कुजली. जेमतेम पायलीभर बियाणं हाती लागलं. आणखी एक साल तसंच गेलं असतं तर हिरानखी आमच्या घरातून संपली असती, आणि दुसऱ्या कोणाकडे मागायला जावं तर ती कुठेच नव्हती.

कृषी केंद्रावाल्याने वहिनीला एका पाकिटाचं नाव सांगितलं. बियाण्याला चोळायची एक हिरवी बुरशी, जी मुळं कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरशीला खाते. पाकीट जुनं निघालं तर उपयोग नाही, हेही सांगितलं. वहिनी पाकीट घेऊन घरी आली आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "ताई, हे जिवंत हाय का मेलेलं, थे तुले सांगता येते का?"

इतका सुंदर प्रश्न मला उभ्या नोकरीत कोणी विचारला नव्हता.

सांगता येतं. वाढवून बघायचं. वाढलं तर जिवंत. आणि वाढलं तर मग दुसरं पाकीट कशाला आणायचं? दह्याचं विरजण आपण रोज कुठे विकत आणतो? हे मी बोलले मात्र, आणि आमच्या स्वयंपाकघराचं वाटोळं व्हायला सुरुवात झाली. भावाने हात जोडले. शेवटी युवक मंडळाच्या खोलीतला अर्धा भाग मागून घेतला. उरलेल्या अर्ध्यात कॅरम बोर्ड होता आणि त्यावर डोमाजीकाकांचा हक्क. मंडळातले युवक कधीच पुण्या-नागपूरला गेलेले. आता काका आणि त्यांचे दोन समवयस्क तिथे दुपारभर सोंगट्या मारतात. "तुमी तुमच्या जागी, आमी आमच्या जागी," या अटीवर आम्हाला खिडकीकडची बाजू मिळाली.

प्रयोगशाळा म्हणण्यासारखं तिथे काही नव्हतं. वहिनीचा जुना प्रेशर कुकर. सरबताच्या काचेच्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे. थर्माकोलचा खोका, त्यात एक बल्ब. माशांची काचेची पेटी उलटी करून तिच्या एका बाजूने हात घालायला दोन भोकं पाडलेली, म्हणजे आत काम करताना वाऱ्यावरची धूळ बाटलीत जाऊ नये. लेझरच्या खेळण्यातलं मसुराएवढं भिंग काढून मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटवलं, की सूक्ष्मदर्शक तयार. माशांची पेटी मंगलने दिली. मंगल ही ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतली, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घर. नवरा-बायको दोघंही तलावात जाळं टाकतात. तिच्या मुलाने हौसेने आणलेली पेटी तडा गेल्यामुळे पडून होती. पेटी द्यायला म्हणून ती आली आणि मग रोजच येऊ लागली.

पहिल्या दिवशी मी भिंगाखाली तलावाच्या पाण्याचा थेंब ठेवला. मोबाईलच्या पडद्यावर काहीतरी झटके देत उड्या मारत होतं. पारदर्शक अंग, आत काळा ठिपका डोळ्याचा. वहिनी ओरडून मागे सरकली, "हे पाणी आपण ढोरायले पाजतो!" मंगल मात्र पडद्याच्या आणखी जवळ गेली.

"हे तं माह्या पिल्लायचं जेवण हाय," ती म्हणाली. "मासोळीची पिल्लं सोडली की चार दिवसांनी पाणी गढूळ दिसते तं आमी म्हणतो पाणी पिकलं. पिकलं म्हणजे हेच का वो ताई?"

हेच असणार, असं मी म्हटलं, पण खात्री नव्हती. मग आम्ही पिकलेलं पाणी आणि न पिकलेलं पाणी दोन्ही आणून बघितलं. डोमाजीकाकासुद्धा सोंगटी हातात धरून उठून आले. एका थेंबात गर्दी, दुसऱ्यात शुकशुकाट. त्या दुपारी कॅरमचा डाव अर्धवटच राहिला. माणसाला बघायला मिळालं की तो बघतो, त्याला शाळेच्या पायऱ्या चढलेल्या असाव्या लागत नाहीत, एवढं मला त्या दिवशी मनापासून पटलं. आणि माझ्या लॅबमधल्या त्या महागड्या सूक्ष्मदर्शकात मी इतकी वर्षं एकटीच डोकावत बसले याचं वाईटही वाटलं.

बुरशी वाढवायची ती तांदळावर. तांदूळ अर्धवट शिजवायचे, बाटलीत भरायचे, कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या द्यायच्या, गार झाल्यावर पेटीत हात घालून पाकिटातली चिमूट आत सोडायची. मी सगळ्यांना सांगितलं, आपापल्या घरून एकेक वाटी तांदूळ आणा. फार धुऊ नका, तांदळाचं सत्त्व पाण्यात जायला नको. तोवर गल्लीतल्या आणखी काही बायका येऊ लागल्या होत्या. आता आमच्याकडे कुठल्याही कामाला घरचा तांदूळ न्यायचा म्हणजे तो चांगलाच न्यायचा असतो. तिथे कोणी कण्या आणत नाही. वहिनीने डब्यातला उत्तम तांदूळ आणला. बाकीच्यांनीही. एकमेकींच्या वाटीत डोकावून झालं. मंगलकडे शेत नाही. तिने रेशनचा जाडा तांदूळ आणला आणि वाटी पदराखाली धरून कोपऱ्यात ठेवली.

मग आम्ही वाट बघत बसलो. वाट बघण्याचंही एक सुख असतं. रोज सकाळी खोका उघडायचा, बाटल्या उजेडात धरायच्या. मंगलच्या बाटलीत आधी पांढरी जाळी दिसली, मग ती कडेने हिरवी होत गेली, आणि शेवटी सगळी बाटली हिरवीगार, उघडली तर खोबऱ्यासारखा वास. बाकी सगळ्या बाटल्या होत्या तशाच. पांढराशुभ्र, बारीक, कुलीन तांदूळ, आणि त्यावर काहीही नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. शिट्ट्या कमी पडल्या असतील, जास्त झाल्या असतील, कापूस ओला होता, कोणीतरी आत श्वास सोडला, असे सगळे संशय घेऊन झाले. पऱ्हे टाकायचे दिवस जवळ येत होते आणि वहिनीचा धीर सुटत चालला होता. तिच्या नाकासमोर तिच्याच तांदळाची बाटली बोडकी. तिसऱ्या खेपेला ती जे बोलली ते बोलायला नको होतं.

"बुरशी घाणीवरच येते ना," ती म्हणाली. "आपला तांदूळ साफ हाय, म्हणून नाई आली. थो रेशनचा घाण तांदूळ. आन् पाळीवरच्या घरातला."

कॅरमवरचा स्ट्रायकर थांबला. मंगलने आपली बाटली उचलून उजेडात धरली.

"घाणीची असती तं काळी आली असती, पिवळी आली असती," ती शांतपणे म्हणाली. "ताईनंच परवा सांगतलं, ओळखीची नसन अशी बुरशी आली तं बाटली उकळून फेकाची. हे तं आपण टाकली थेच हाय. अख्खी हिरवी. पाहून घ्या."

आणि ती घरी निघून गेली. मला वहिनीचा राग आला. तेवढाच तिच्या बोलण्याआडचा घोरही दिसत होता. मी मंगलच्या मागे तलावाच्या पाळीवर गेले. ती जाळं विणत बसली होती. मी म्हटलं, "उद्या ये. वहिनीसाठी नको येऊ. बुरशी कोणाला धरते, हातांना की तांदळाला, ते मला बघायचंय. तू आलीस तरच कळेल."

"म्हणजे?"

"तू वहिनीचा तांदूळ भर. वहिनी तुझा भरेल."

तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी ती आली. मंगलच्या हातांनी वहिनीचा तांदूळ, वहिनीच्या हातांनी मंगलचा. दोघी एकमेकींशी एक शब्द न बोलता बाटल्या भरत होत्या. कोणाच्या हाताला गुण आहे असं आपण म्हणतो, लोणचं कोणाच्या हातचं टिकतं त्यावर घराघरांत भांडणं होतात. पण दोन हात आणि दोन वाट्या अदलून बघाव्यात हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मला तरी लॅबची सवय नसती तर सुचलं असतं की नाही, कोण जाणे.

वहिनीने भरलेली बाटली हिरवी झाली. मंगलने भरलेली बोडकीच राहिली. म्हणजे हात नव्हे, तांदूळ. आता या तांदळात असं काय होतं, की जे माणसाला चालतं आणि बुरशीला चालत नाही?

उत्तर कॅरम बोर्डवर सापडलं. आम्ही तिघी बाटल्या पुढ्यात घेऊन बसलो होतो. पलीकडे डोमाजीकाकांनी बोर्डवर पावडर भुरभुरवली, तळहाताने फिरवली. सोंगट्या सरसर पळाव्यात म्हणून ते जरा सढळ हाताने टाकतात, त्यावरून त्यांचे सोबती कुरकुरतात. त्या दिवशीही कुरकूर चालली होती. काकांनी डबी आमच्याकडे करून विचारलं, "पाहा वो, एवढीशी तं टाकली, जास्त हाय का?"

वहिनी डबीकडे बघत राहिली. "हे तं तांदळाले लावाची पावडर हाय," ती म्हणाली.

"थेच हाय. बोरिक. रोवणीत बायकायच्या पायाले चिखल्या होते तवाही हेच लावते."

रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात उभं राहून पायाची बोटं पांढरी पडतात, सडतात, आग होते. रात्री बायका बोटांच्या बेचक्यात बोरिक भरून झोपतात. वहिनीने आपल्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला एकदम हसू फुटलं, कारण चिखल्या म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. चिखल्या म्हणजे बुरशी.

"ताई," वहिनी म्हणाली, "पायाची बुरशी ज्यानं मरते, त्यानं बाटलीची मरन का नाई?"

मरेल. मरतच होती. घरोघरचा उत्तम तांदूळ, सोंडा लागू नये म्हणून मायेने पावडर चोळून ठेवलेला, आणि सत्त्व जाऊ नये म्हणून माझ्याच सांगण्यावरून न धुतलेला. मंगलच्या घरी रेशनचा तांदूळ येतो आणि महिन्यात संपतो. त्याला पावडर लावायची वेळच येत नाही. वहिनीने त्याच दुपारी घरचं थोडं धान गिरणीवरून काढून आणलं आणि कोरा तांदूळ भरला. तो छान हिरवा झाला. तिने ती बाटली भावाला, शेजारणींना, अगदी दूध घालायला येणाऱ्यालाही दाखवली. मंगलला मात्र ती त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल काही बोलली नाही. मंगलनेही तो विषय काढला नाही. दोघी शेजारी बसून काम करायच्या, लागेल ती वस्तू एकमेकींकडे सरकवायच्या, बस्स.

मग पऱ्हे टाकायचा दिवस आला आणि खरा पेच पडला. बुरशीने फरक पडतो की नाही हे बघायचं तर काही बियाणं बुरशीशिवाय तसंच पेरायला हवं. बियाणं पायलीभर. मी वहिनीला म्हटलं, "तुझं सगळं बियाणं बुरशी लावून पेर. प्रयोग दुसऱ्या कोणाच्या धानावर करू." मला खरोखर भीती वाटत होती. बाटलीतला तांदूळ पुन्हा आणता येतो. हिरानखी कुठून आणणार?

वहिनी बियाण्याच्या टोपलीपुढे बसली होती. तिने दोन्ही हातांनी धान वर घेतलं, खाली सोडलं, पुन्हा घेतलं. मग टोपलीच्या मधोमध बोटाने रेघ ओढली.

"अर्ध्याले लावू," ती म्हणाली. "नाई तं समजन कसं?"

रोपं उगवली. एका बाजूचं जरा पिवळं पडलं, मधे मधे टक्कल दिसलं. बुरशी लावलेली बाजू भरून आली. आम्ही नाचायच्या बेतात होतो तेवढ्यात डोमाजीकाका बांधावर येऊन म्हणाले, "त्या बाजूले बोरीची सावली पडते ना, सूनबाई." पडत होती. म्हणजे काय झालं ते आम्हाला अर्धंच कळलं. पट्टे आडवे-उभे पाडायला हवे होते, हे आता ठरलंय. गंमत म्हणजे वहिनीला याचं दुःख झालं नाही. पुढच्या वर्षी काय करायचं हे तिने तिथेच, बांधावर उभ्या उभ्या, ठरवून टाकलं. रोवणीपुरतं रोप जगलं होतं आणि एक प्रश्न शिल्लक होता. दोन्ही गोष्टींनी ती खूश होती.

त्या रोवणीत मी एकच हट्ट धरला. लॅबमध्ये आम्ही जिवंत वाण कधी एका जागी ठेवत नसू. एक नळी इकडे, एक दुसऱ्या ठिकाणी. हिरव्या बुरशीचं विरजणही आम्ही एक खोलीत आणि एक मंगलच्या घरी ठेवायचो. मी वहिनीला म्हटलं, रोपांची एक पेंडी मंगलला दे. तिच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, तलावाची ओल असते, लावेल तिथे. वहिनीने पेंडी दिली, पण माझ्या हाती. स्वतः नाही गेली.

त्यानंतर वर्ष भराभर गेलं. खोलीत आता कॅरमपेक्षा आमची बाजू मोठी झाली आहे आणि काकांची त्याबद्दल रोज एक तक्रार असते. पावसाळ्यात वारुळांवर सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, उगवतात, त्या शोधायला पूर्वी बायका रानभर फिरायच्या. आता धानाच्या तणसावर, म्हणजे पेंढ्यावर, खोलीतच अळिंबी लागते. वहिनीच्या माहेराकडून, पवनीच्या बाजूने, काही बायका येऊन विरजण घेऊन गेल्या. बपेऱ्याकडची एक मास्तरीण तिथल्या बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले, जीव मोबाईलवर टिपून पाठवते आणि विचारते, हे काय आहे? निम्म्या वेळा मला सांगता येत नाही. मग आम्ही सगळ्या मिळून त्याला नाव ठेवतो, टोपीवाला, झाडू, कोतवाल. मला कधी कधी वाटतं, यात नवं असं काय आहे? विरजण लावणं, आंबील आंबवणं, धान भिजवून मोड आणणं, आणि मोहाच्या फुलांचं जे काय करतात ते, जीव वाढवायचं काम तर आपण पूर्वीपासून घरातच करत आलो. आत डोकावून बघायचं तेवढं राहिलं होतं. गावागावात एकेक खिडकीकडची बाजू मिळाली तर काय काय दिसेल, याचा विचार करत मी कितीदा जागीच हरवते. तलावाचं पाणी कुठल्या महिन्यात का बिघडतं, कुठल्या घरच्या विहिरीत काय पोहतं, जुन्या धानाच्या मुळाशी कोण राहतं. सगळंच बघायचं बाकी आहे.

तर यंदाच्या त्या चादरीपाशी परत येते. बुरशीचा वाटा बाजूला काढून झाला, डोमाजीकाका हसून झाले, आणि वहिनी हातांना एरंडेल लावून चादरीवरचे उरलेले हिरानखीचे तांदूळ चोळायला बसली. हात फिरवता फिरवता थांबली. चिमटीत एक दाणा धरला. आखूड, जाडा. मग दुसरा. मग तिने चादरीवर वाकून बोटांनी तांदूळ पसरला, आणि जाडे दाणे दिसतच गेले.

सुगीच्या वेळी आभाळ भरून आलं होतं. दरवर्षी ती हिरानखी वेगळी, हाताने झोडपून काढते. गेल्या वेळी मजूर मिळाले नाहीत आणि भावाने घाईत सगळं एकाच मशीनमधून काढलं, सरकारी वाणाच्या मागोमाग, त्याचे दाणे मशीनमध्ये उरलेले असतानाच. वहिनी उठली, तेलकट हातांनीच आत गेली, बियाण्याची कोठी उघडली. मुठीतलं धान तळहातावर घासून सोललं. त्यातही तेच. बाटली बिघडते तसंच बियाणंही बिघडलं होतं. आता त्यातून हिरानखी निवडून काढायची म्हणजे वर्षं जातील, आणि तरी ती तीच असेल याचा भरवसा नाही.

ती कोठीपाशीच बसून राहिली. भाऊ काहीतरी समजावत होता, ते तिच्या कानात जात नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, मंगलकडे चल."

"मी कोणत्या तोंडानं जाऊ, ताई?"

"आहे त्याच."

ती उठली. का कोण जाणे, जाताना तिने तो पत्र्याचा डबा, बुरशीचा वाटा, काखेत घेतला. रिकाम्या हाताने जायला तिला जमलं नसावं.

मंगल दारातच मासोळ्या साफ करत होती. आम्हाला बघून तिने हात धुतले. काय झालं ते मीच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, घरात गेली आणि एक छोटं गाडगं घेऊन आली. तोंडाला फडकं बांधलेलं. सांदवाडीतलं धान तिने कापलं, दगडावर हातानेच झोडलं, वाळवून भरून ठेवलं होतं. वहिनीने ओंजळभर घेतलं, उन्हात धरलं, एकेक दाणा सोलून बघितला. सगळे बारीक, लांबट. वाससुद्धा तोच. तिचे डोळे भरून आले.

"अर्धं घेऊन जा शोभाबाई," मंगल म्हणाली. "अर्धं इथंच राहू दे. दोन घरी ठेवाचं म्हणते ना ताई."

वहिनीने ओंजळीतलं धान गाडग्यात परत सोडलं. "मंगल, थ्या दिवशी मी तुह्या घरच्या तांदळाले घाण म्हणलं होतं."

"हाव. म्हणलं होतं." मंगल फडक्यात धान बांधत होती. तिने गाठ मारली, ओढून घट्ट केली. "म्हणूनच तं साफ ठेवलं, यातला एक दाणा रांधला नाई. पोरगा लय मागे लागला होता, वास येते म्हणे. नाई रांधला."

वहिनी तिथेच खाली बसली. मग तिने काखेतला डबा पुढे ठेवला आणि झाकण उघडलं.

"याच्यात मिसळ झाली हाय, पण वास तोच हाय," ती म्हणाली. "पेटव चूल. पोराले बोलाव."

आम्ही तिघी आणि मंगलचा मुलगा चुलीपुढे बसून जेवलो. भात आणि तलावाच्या मासोळीचा रस्सा. वास तलावाच्या पाळीवर पसरला, दोन-तीन घरांतून माणसं डोकावून गेली. डबा रिकामा झाला. बुरशीला त्या आठवड्यात रेशनचा तांदूळ मिळाला, आणि तिने काही तक्रार केली नाही.